वालूरची चौकशी

माझा कुणावरच विश्वास नाही, आणि त्याची मला कधी लाज वाटली नाही. सेलूच्या मोंढ्यात माझी आडत आहे, तीस वर्षं झाली. शेतकरी माल आणतो, व्यापारी घेतो, मी मधे बसतो. पोत्याच्या तोंडाशी टपोरी तूर आणि तळाला काडीकचरा, हे रोज बघणाऱ्यानं विश्वास ठेवायचा तरी कशावर? म्हणून मी पोत्याच्या पोटात परखी खुपसतो, ती टोकदार, पोकळ सळई, आणि मधला माल हातावर घेऊन बघतो. माघारी लोक मला परखीअप्पा म्हणतात. तोंडावर मन्मथअप्पा म्हणतात, तेवढं पुरे आहे.

माझी पोरगी त्रिवेणी सत्तावीस वर्षांची. शाळेत विज्ञान शिकवते. वजन एकशे सव्वीस किलो. हा आकडा तिनंच एकदा जेवताना सांगितला, नाहीतर आमच्या घरात तो शब्द कुणी काढत नाही. साखर निघाली होती, गुडघे कुरकुरत होते, आणि झोपेत तिचा श्वास मधेच थांबायचा. तिची आई, मल्लम्मा, तिच्याशेजारी झोपायची. श्वास थांबला की हलवून जागं करायची. दोघींचीही झोप अशी तुकड्यातुकड्यात. चालणं झालं, काढे झाले, भात बंद झाला, परभणीच्या एका बाईची पावडर झाली. दहा किलो उतरायचे आणि बारा चढायचे.

मग कुणीतरी तिच्या कानावर ऑपरेशन घातलं. पोटाची पिशवीच कापून लहान करायची म्हणे. मी म्हणालो, चांगला धडधाकट अवयव कापून फेकायचा आणि त्याला उपचार म्हणायचं, वा रे वा. पण ती ऐकेना, म्हणून आम्ही तिघं संभाजीनगरला एका दवाखान्यात गेलो.

डॉक्टर फार गोड बोलायला लागले तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. गेल्या गेल्या पाणी, मग चहा. न मागता चहा पाजणाऱ्या दुकानदाराचा माल मी दोनदा तपासतो. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं, पोटाचा तीन चतुर्थांश भाग काढतात, दुर्बिणीतून, लहान छिद्रं पाडून. धोकेही सांगितले. रक्तस्राव होऊ शकतो, टाके गळू शकतात, गोळ्या जन्मभर. मी मनात म्हटलं, धोके सांगतोय म्हणजे खरा वाटावा म्हणून सांगतोय. आता बोला! गोड बोलला तरी संशय, खरं बोलला तरी संशय. माझा स्वभावच तसा, त्याला मी काय करू?

मग तिथल्या एका मॅडमनी मोबाइलवर दोन फोटो दाखवले. पहिल्यात आमच्या त्रिवेणीएवढी एक पोरगी. दुसऱ्यात सडपातळ, पंजाबी ड्रेस घातलेली. ‘दोन्ही फोटो एकाच मुलीचे. प्रियांका. तुमच्याच तालुक्यातली, वालूरची. दीड वर्ष झालं. फोटो दाखवायला आणि नाव सांगायला तिची परवानगी आहे. तुम्हाला बोलायचं असेल तर फोन लावून देते.’

त्रिवेणीनं हात पुढे केला होता. मी म्हणालो, ‘फोन नको. फोनवर कुणी बी प्रियांका होतंय.’

त्या दुसऱ्या फोटोत मला एक गोष्ट दिसली होती. पोरीच्या गळ्यात इष्टलिंग होतं आणि कपाळाला भस्म. म्हणजे आमच्यातलीच, लिंगायताची. वालूरमधे आपली घरं ती किती! पत्ता काढायला मला अर्धा दिवस लागला नसता.

परतीच्या वाटेवर त्रिवेणी गाडीत माझ्या शेजारी बसली होती. जालना मागं पडल्यावर म्हणाली, ‘अप्पा, मला करायचंय हे. लय थकले मी. पण तुमी फसत न्हाई, हे मला माहितंय. तुमी वालूरला जाऊन स्वतः बघून या. तुमी हो म्हणलात तर करते. न्हाई म्हणलात तर परत नाव घेणार न्हाई.’

सत्तावीस वर्षांची शिकलेली पोरगी आपला जीव माझ्या एका शब्दावर ठेवते, याचा मला अभिमान वाटला. घाबरायला हवं होतं, ते वाटलं नाही.

आता चौकशी कशी करायची? सरळ जाऊन ‘तुमच्या पोरीचं पोट कापलंय का हो’ असं विचारणार? आणि विचारलं तर ते खरं सांगणार? दवाखान्यानं पढवून ठेवलं असेल तर? आमच्याकडे खोल चौकशीची एकच रीत आहे, स्थळाची. मुलगा-मुलगी बघायला जायच्या आधी घरातला जाणता माणूस गुपचूप त्या गावी जातो. शेजारी बसतो, पाणी मागतो, इकडचं तिकडचं बोलतो आणि हळूच विषय काढतो. पोरगी कशी आहे, आजारपण आहे का, घराणं कसं आहे. आणि माझा मुलगा शिवप्रकाश तिशीचा, पुण्यात नोकरीला, अजून लग्नाचा. सोंग काढायला यापेक्षा चांगलं काय हवं? मल्लम्मालाही मी हे सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही.

वालूरचा भुजंग माझ्या आडतीवर सोयाबीन आणतो. त्याला बाजारच्या दिवशी म्हणालो, ‘आमच्या शिवप्रकाशसाठी तुमच्या गावात एक पोरगी हाय म्हणतेत, प्रियांका.’ तो लगेच खुलला. ‘काशिनाथअप्पाची! अप्पा, एक लंबर स्थळ हाय. उद्याच या.’

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर गेलो. भुजंगनं मला काशिनाथअप्पांच्या भिंतीला भिंत असलेल्या घरी नेलं, गीताबाईकडे. साठीची बाई, शेंगा फोडत बसली होती. भुजंगनं काम सांगितलं तशी तिनं सूप बाजूला सारलं आणि पदर नीट केला.

‘पोरगी लय गुणाची हाय वं,’ गीताबाई म्हणाली. ‘सैपाक म्हणू नका, शिवण म्हणू नका. वर मान करून बोलायची न्हाई.’

‘तब्येतीनं कशी हाय?’

‘काडीवानी. तुमीच बघा, ती काय वाळवण घालायलीय माळवदावर.’

मी शेजारच्या गच्चीकडे बघितलं. फोटोतलीच पोरगी. चेहरा तोच, बांधा तोच. म्हणजे माणूस खरं आहे. आता परखी खोल घालायची.

‘आधी जाड बीड होती का? कुणीतरी म्हणलं मला.’

गीताबाईनं भुजंगकडे बघितलं. भुजंगनं दोरीवरच्या कपड्यांकडे बघितलं. हे मी टिपलं होतं, बरं का. टिपलं आणि त्याचा उलटा अर्थ लावला.

‘कोण मेलं म्हणलं असं?’ गीताबाई उसळली. ‘लहानपणापासून अशीच हाय. माझ्या डोळ्यापुढं वाढली.’

‘दवाखाना? ऑपरेशन वगैरे?’

‘शपथ घेते महादेवाची. दवाखान्याची पायरी चढली न्हाई पोरगी.’

झालं. मला हवं ते मिळालं. ऑपरेशन झालंच नव्हतं. एका बारीक पोरीचा फोटो घ्यायचा, संगणकावर फुगवायचा, आधीची म्हणून दाखवायचा, आणि आमच्यासारख्यांना गळाला लावायचं. फोनवर बोलायचे पैसे पोरीला मिळत असणार. शपथेवर सांगतो, तेव्हा मला इतका आनंद झाला होता की गीताबाईनं दिलेल्या शेंगा मी ओंजळभर खाल्ल्या.

निघताना तिनं विचारलं, ‘तुमाला लेकरं किती, अप्पा?’

‘एकच,’ मी म्हणालो. ‘शिवप्रकाश. एकुलता एक.’

हे का बोललो, ते मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. घाईत निघून गेलं, असं आधी म्हणायचो. ते खोटं आहे. घरात बिनलग्नाची, सव्वाशे किलोची बहीण आहे म्हटलं की पोराच्या स्थळाचा भाव पडतो. ते स्थळ खोटं होतं, मला काही सोयरीक करायची नव्हती, गीताबाई मला परत कधी भेटणार नव्हती. तरी तेवढ्यापुरतंसुद्धा मला कमी भावात जायचं नव्हतं. आणि ‘एकच’ म्हणताना माझी जीभ जरासुद्धा अडखळली नाही.

घरी आलो तर त्रिवेणी शाळेतून येऊन दारातच खुर्चीवर बसली होती. चप्पलही काढलेली नव्हती.

‘फसवेगिरी हाय सगळी,’ मी सांगितलं. ‘पोरगी हाय, पण ती कवाच जाड नव्हती. शेजारणीनं शपथ घेतली. फोटो बनावट हाय.’

‘नक्की, अप्पा?’

‘मी स्वतः बघून आलोय.’

थोड्या वेळानं तिनं मोबाइल काढला आणि दवाखान्याचा नंबर माझ्यासमोर पुसून टाकला. मल्लम्मा आत रडत होती, ते मला ऐकू येत होतं. पण मी म्हटलं, रडू दे, पोरीचं पोट तर वाचलं.

पुढचे तीन आठवडे त्रिवेणीनं ऑपरेशनचं नाव काढलं नाही. एकदा शाळेच्या जिन्यावर तिला चक्कर आली. दोन शिक्षिका रिक्षातून घेऊन आल्या. मुख्याध्यापकांनी निरोप पाठवला होता, झेपत नसेल तर जूनपासून दुसरं कुणी बघू. तिनं तो निरोप मला वाचून दाखवला आणि उत्तरपत्रिका तपासायला बसली. मी तिला काय म्हणणार होतो? मी माझं काम चोख केलं होतं.

त्या रविवारी सकाळी अकराच्या सुमाराला एक माणूस दारात आला. धोतर, पांढरा सदरा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे.

‘मन्मथअप्पांचं घर हेच का? मी काशिनाथ. वालूरचा.’

‘या, बसा’ म्हणावंच लागलं. मल्लम्मानं आतून डोकावून बघितलं. त्रिवेणी पाणी आणायला उठल्याचं मला कळलं नाही. कळलं असतं तर थांबवलं असतं, हेही आता सांगून टाकतो.

काशिनाथअप्पा खुर्चीच्या कडेवर बसले. ‘चहा नंतर घेतो. आदी एक गोष्ट सांगतो, मग तुमी ठरवा. तुमी गीताबाईकडं येऊन गेलात, ते मला त्याच दिवशी कळलं; तुमचा निरोप येईल म्हणून थांबलो. तिनं तुमाला काय सांगितलं, ते बी कळलं. तिच्यावर राग धरू नका. सोयरीक मोडली तर पाप लागतंय म्हणून बोलली बिचारी. पण पोरीचं ऑपरेशन झालंय, अप्पा. दीड वर्षाखाली. एकशे अठरा किलो होती ती. अख्ख्या गावाला माहीत हाय. हे लपवून मला पोरगी द्यायची न्हाई. तुमाला चालत आसंल तर पुढं बोलू, नसंल तर राग न्हाई.’

स्थळाबद्दल विचारायला आलेल्याला कुणी वाईट सांगत नाही, हे का मला माहीत नव्हतं? आमच्याच गल्लीतल्या एका पोरीला फिट्स यायच्या. तिची चौकशी करायला आलेल्या पाहुण्यांना मी स्वतः, याच ओट्यावर बसून, पोरगी ठणठणीत आहे म्हणून सांगितलं होतं. खरं काढायला मी नेमकी तीच रीत वापरली होती जिथं सगळं गाव एकदिलानं खोटं बोलतं. तीस वर्षांची हुशारी! स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

तेवढ्यात काशिनाथअप्पा दाराकडे बघून म्हणाले, ‘ह्या बाई कोण? भाची का तुमची?’

त्रिवेणी तांब्या-पेला घेऊन उंबऱ्यात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

मी तोंड उघडलं.

‘मी त्रिवेणी,’ ती म्हणाली. ‘ह्यांची पोरगी.’

काशिनाथअप्पा गोंधळले. साधा माणूस, मनात येईल ते बोलणारा. ‘पण गीताबाई तर म्हणली, एकुलतं एक पोरगं हाय. तुमच्या वडलांनीच सांगितलं म्हणे, दुसरं लेकरू न्हाई म्हणून.’

मल्लम्मा आतून बाहेर आली. ‘काय सांगून आलाव तुमी?’ ती मला म्हणाली. ‘अवो, काय सांगून आलाव?’

मी सगळं ओकलो. स्थळ-बिळ काही नव्हतं, ऑपरेशन खरं का खोटं ते बघायला गेलो होतो. बोलताना मी काशिनाथअप्पांच्या पायाकडे बघत होतो. त्रिवेणीकडे बघायची माझी छाती नव्हती.

काशिनाथअप्पांनी एकदा त्रिवेणीकडे बघितलं. मग म्हणाले, ‘सरळ माझ्या दारात आला असता तर पोरीला समोर बसवून सगळं सांगितलं असतं. तीन हप्ते झाले, अप्पा. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच कुणी विचारायला आलं म्हणून ती रोज फोनकडं बघायलीय. आता घरी जाऊन मी तिला काय सांगू?’



ते उठायला लागले, तशी त्रिवेणीनं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसली. ‘काका, मला विचारायचं हाय थोडं. थांबता का?’

ते थांबले. तिनं वर्गात मुलांना विचारावं तसं एकेक नीट विचारलं, आणि त्यांनी काही झाकलं नाही. पहिला महिना नुसतं पातळ. तेव्हा प्रियांका रोज म्हणायची, हे काय करून घेतलं. चौथ्या महिन्यात केस मूठमूठ गळाले. चार घास जास्त झाले की ओकायची. लग्नात पंगत बसली की अजूनही बाहेर जाऊन उभी राहते. गोळ्या चुकवून चालत नाहीत.

‘आणि झोप?’ त्रिवेणीनं विचारलं. ‘श्वास अडकायचा का तिचा?’

‘लय. आमी आळीपाळीनं जागायचो.’ ‘आता सरळ झोपती. पहिल्यांदा ती तशी झोपली ना, तर आमी घाबरून तिला उठवलं.’

मल्लम्मानं पदर तोंडाला लावला. आणि मी? आपल्या मालातली खोट आधी स्वतःच्या तोंडानं सांगणारा माणूस मी पहिल्यांदा माझ्या घरात बघत होतो. त्याच्यावर संशय घ्यायला जागाच सापडेना.

काशिनाथअप्पांनी तिला प्रियांकाचा नंबर लिहून दिला. ‘बोल तिच्याशी. तिला बरं वाटंल,’ म्हणाले. चहा मात्र घेतला नाही. मी दारापर्यंत गेलो, हात जोडले. त्यांनीही जोडले, माझ्याकडे न बघता.

त्रिवेणी आतल्या खोलीत दार लावून तासभर फोनवर बोलली. मधे एकदा तिचं हसणं ऐकू आलं. कितीतरी महिन्यांनी ऐकलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

‘पुढच्या सोमवारी जायचंय,’ ती आईला म्हणाली. ‘आदी तपासण्या, मग तारीख देतील. तू चल सोबत.’

‘मी येतो ना,’ मी म्हणालो.

‘तुमच्या हो-न्हाईवर ठेवलं होतं मी, अप्पा. आता न्हाई.’ ती शांतपणे बोलत होती, आणि तेच मला सोसवेना. ‘लोक मला बघून हसतात, त्याची सवय हाय मला. पोरं चिडवतात, ते बी चालतं. पण तुमी कुणाला सांगताव की मी नाहीच? मेले असते तरी एवढं तर म्हणला असता, की होती एक.’

‘चुकलं माझं, त्रिवेणी.’

‘हाव,’ ती म्हणाली. ‘चुकलंच.’ आणि पेला धुवायला आत गेली.

सोमवारी पहाटे त्या दोघी निघाल्या तेव्हा मी मागून चालत बसस्टँडवर गेलो. चालत म्हणजे हळूहळू, कारण त्रिवेणी दर पन्नास पावलांवर थांबत होती आणि तिच्या पुढे जायची माझी हिंमत नव्हती. संभाजीनगरच्या गाडीत त्या दोघी एका सीटवर बसल्या. सीट तिला अपुरी पडत होती, मल्लम्मा अर्धी बाहेर. मी बरोबर मागच्या सीटवर बसलो. कुणी मला चल म्हणालं नव्हतं, उतर असंही म्हणालं नाही.

गाडी सुटली. कंडक्टर तिकिटं काढत आला. त्रिवेणीनं दोन सांगितली. त्यानं माझ्याकडे बघून तिला विचारलं, ‘हे सोबतच आहेत का तुमच्या?’

‘त्यांनाच विचारा,’ ती खिडकीकडे बघत म्हणाली.

गाडीत मोंढ्यातले दोघं-तिघं होते, गल्लीतला एक होता. मी उभा राहिलो. आवाज चढला, तो मी मुद्दाम चढवला नव्हता. ‘ही माझी पोरगी हाय. मला दोन लेकरं हायत. ही थोरल्याच्या पाठची. हिचं ऑपरेशन हाय, वजनाचं, म्हणून चाललोय आमी.’

सगळी गाडी वळून बघायला लागली. त्रिवेणी वळली नाही.

‘अहो काका, ओरडू नका,’ कंडक्टर म्हणाला. ‘दोन का तीन, तेवढं सांगा.’

‘तीन,’ मी म्हणालो.